कुत्रं-मांजर सोबत घेऊन मराठवाड्यात किरायाचं घर कसं शोधायचं

बदली होऊन, एमआयडीसीत जॉब लागून नाहीतर घाटीत (संभाजीनगरचं सरकारी मेडिकल कॉलेज), नांदेडच्या विष्णुपुरीत, परभणीच्या कृषी विद्यापीठात अॅडमिशन मिळून इकडं यायलेत आणि सोबत एखादं कुत्रं किंवा मांजर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच डोक्यातून काढून टाका, की अॅपवर पेट फ्रेंडलीला टिक केलं की दहा-बारा फ्लॅट समोर येतील. इकडं घरमालकाला तो शब्दच माहीत नसतो, त्यामुळं त्यानं तसं कुठं लिहिलेलंही नसतं, आणि "नाही" असंही लिहिलेलं नसतं. म्हणजे सगळा मामला समोरासमोर बोलण्याचा आहे. ज्याच्या घरात स्वतःचं कुत्रं आहे तोही आधी नाही म्हणतो आणि ज्यानं आयुष्यात कधी प्राणी पाळला नाही तो "बघू, आणा एकदा" म्हणतो. म्हणून माझं म्हणणं असं की फ्लॅट शोधू नका, घरमालक शोधा, आणि घराचा प्रकार नीट निवडा, बाकीचं नंतर जमतं.

आधी ठरवा, कसलं घर पाहिजे

इकडच्या शहरांत किरायाची घरं साधारण चार प्रकारची. मालक खाली आणि किरायदार वर (किंवा उलटं), रो हाऊस, अपार्टमेंटमधला फ्लॅट, आणि जुन्या भागात वाड्यातल्या नाहीतर एका लाईनीतल्या खोल्या. कुत्रं असेल तर माझी पहिली पसंती रो हाऊस किंवा तळमजल्याचं सेपरेट गेटवालं घर. सेपरेट गेट हे मी किरायापेक्षा वर ठेवतो. कारण निम्मी भांडणं गेट उघडं राहिलं, कुत्रं पळालं, शेजारच्या लेकराच्या अंगावर गेलं, जिन्यात मालकाची आई घाबरली इथूनच सुरू होतात. गेट तुमचं, जिना तुमचा, तर विषयच संपला.

मांजरवाल्यांचं उलटं आहे. त्यांनी फ्लॅट किंवा वरचा मजला बघावा, पण खिडक्यांना जाळी आहे का ते बघूनच, आणि गच्ची मालकासोबत कॉमन असेल तर जरा थांबा. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळायला टाकलेले असतात आणि त्या वाळवणावरून मांजर एकदा जरी चालत गेलं ना, तर काकू तुम्हाला वर्षभर माफ करत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकतही नाही.

एक प्रकार मात्र कुत्र्यासाठी सरळ सोडून द्या, गच्चीवरची पत्र्याची खोली. किराया कमी असतो, मालक पण लगेच हो म्हणतो कारण वर कोण काय पाळतंय त्याला घेणं नसतं, पण मे महिन्यात इकडं पारा ४२-४३ ला जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. तुम्ही ऑफिसात, कुत्रं वर कोंडलेलं, आणि दुपारी लाईट गेली की कूलर बंद. पग, बुलडॉग असल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर उष्माघात फार पटकन होतो. हस्की घेऊन मराठवाड्यात यायलेल्यांना मी काय बोलू, एसीचा खर्च किरायात धरूनच चाला.

पाणी

हा मुद्दा पुण्याच्या माणसाच्या लक्षात येत नाही म्हणून वेगळा काढलाय. लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आठवत असेलच. संभाजीनगरात जायकवाडी इतकं जवळ असून नळाला कैक दिवसांच्या गॅपनं पाणी येण्याची लोकांना वर्षानुवर्षं सवय झालेली. बीड बायपासच्या पलीकडं सातारा, देवळाईकडं बऱ्याच कॉलन्या बोअर आणि टँकरवर चालतात. असल्या ठिकाणी घरमालकाच्या डोक्यात पहिला प्रश्न कुत्रं चावेल का हा नसतोच, हे लोक पाणी किती वापरतील हा असतो.

आता हिशोब करा. पंचवीस किलोचं लॅब पिऊन पिऊन किती पिणार, उन्हाळा सोडला तर दिवसाला दीड लिटरच्या आसपास. पिण्याचं काहीच नाही. पाणी जातं ते पोर्च धुवायला, अंघोळीला, त्याच्या चादरी धुवायला. म्हणून मालकाला स्वतःहून सांगा की अंघोळ महिन्यातून एक-दोनदाच असते (डॉक्टर पण जास्त नको म्हणतात, कातडी कोरडी पडते), पोर्च पाईप लावून धुणार नाही, बादलीनं पुसणार, आणि टँकर लागला तर वाटणीत आम्ही एक माणूस जास्त धरून पैसे देऊ. हे शेवटचं वाक्य फार कामाचं आहे, सहसा मालक स्वतःच म्हणतो की राहू द्या हो, पण तुम्ही बोललात हे त्याच्या लक्षात राहतं.

घर बघायला गेल्यावर हौद किती मोठा, वरची टाकी तुमची वेगळी का कॉमन, बोअर उन्हाळ्यात टिकतो का, हे मालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा.

कागदं आधी तयार ठेवा

घर शोधायच्या आधी, नंतर नाही. लागतं काय तर लसीकरणाचं पुस्तक, ज्यात रेबीजची लस चालू वर्षाची असली पाहिजे (पिल्लाला पहिली रेबीज साधारण तीन महिने पूर्ण झाल्यावर, मग दरवर्षी), बाकीच्या लसी, जंताच्या औषधाच्या तारखा, नसबंदी झाली असेल तर त्याचं सर्टिफिकेट, आणि महापालिका हद्दीत असाल तर श्वान परवान्याची चौकशी. परवान्यासाठी महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागात जाऊन विचारा, काय लागतं ते तिथं सांगतात.

नसबंदीबद्दल थोडं जास्त बोलतो. बोका असेल आणि नसबंदी झालेली नसेल तर तो भिंतीवर, सोफ्यावर फवारा मारणार, तो वास फिनाईलनं जात नाही, आणि पुढचा किरायदार सुद्धा नाक धरून बाहेर पडतो. घरमालक मांजराला नाही म्हणतात त्यामागं बहुतेक वेळा हा वास असतो, जो त्यांनी आधी कुणाकडून तरी भोगलेला असतो. म्हणून "ऑपरेशन झालंय, वास मारत नाही" हे वाक्य फोनवरच सांगायचं. खर्चाची अडचण असेल तर सरकारी जिल्हा पशुसर्वचिकित्सालयात विचारा, आणि परभणी, उदगीरकडं असाल तर दोन्हीकडं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथं चांगली ट्रीटमेंट मिळते.

शिवाय जुन्या घरमालकाचा फोन नंबर, त्यांना विचारून. दोन ओळींचं पत्र मिळालं तर उत्तमच, पण इकडं पत्रापेक्षा फोन चालतो. "काही त्रास नाही हो त्यांचा" हे एका काकाकडून दुसऱ्या काकाला कळलं की अर्धं काम झालं.

शोधायचं कुठं

ओएलएक्स, फेसबुकवरचे ग्रुप हे आहेतच, बघत राहा, पण चांगली घरं तिथं येईपर्यंत जातात. एजंटकडं गेलात तर त्याला पहिल्याच वाक्यात प्राणी आहे म्हणून सांगा, नाहीतर तो दिवसभर तुम्हाला फिरवतो आणि शेवटी मालकासमोर तोंडघशी पडतो, मग दुसऱ्यांदा फोन उचलत नाही. एजंट साधारण एक महिन्याचा किराया घेतो, तो घर ठरल्यावरच द्यायचा, घर दाखवायचे पैसे कुणी मागितले तर तिथूनच परत फिरा.

सगळ्यात भारी सोर्स म्हणजे प्राण्यांचा डॉक्टर. ज्या एरियात राहायचंय तिथल्या पशुवैद्यकाच्या क्लिनिकमध्ये संध्याकाळी जाऊन बसा. कुठल्या कॉलनीत कुणाकडं कुत्रं आहे, कुठल्या घरमालकानं प्राणीवाला किरायदार ठेवलाय, कोण बदली होऊन चाललाय, हे त्या कंपाऊंडरला तोंडपाठ असतं. प्राणी असलेला किरायदार घर सोडत असेल तर ते घर तुमच्यासाठी सोन्याचं, कारण मालकाची भीती मोडलेली असते. पेट फूडचं दुकान दुसरं. तिसरा किराणावाला आणि दूधवाला, यांना गल्लीतली रिकामी खोली मालकाच्या जावयाच्याही आधी कळते. आणि गाडीवर हळूहळू गल्ल्या फिरा, टू लेटचे बोर्ड वाचत, कारण म्हाताऱ्या मालकांची घरं ऑनलाईन येतच नाहीत आणि आपल्याला बऱ्याचदा तीच सूट होतात.

एरियाचं म्हणाल तर संभाजीनगरात सिडकोच्या एन सेक्टरांत घरं भिंतीला भिंत लागून आहेत, मालक वर किंवा खाली, त्यामुळं भुंकणारं कुत्रं असेल तर अवघड, मांजर चालून जातं. गारखेडा, उल्कानगरी या भागात फ्लॅट जास्त. कांचनवाडी, नक्षत्रवाडी, देवळाई, पडेगाव, मिटमिट्याकडं रो हाऊस आणि मोकळे प्लॉट भरपूर, कुत्र्याला पळायला जागा, पण तिकडं भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत आणि पावसाळ्यात साप निघतात, हे धरून चाला. वाळूजला बजाजनगरात घरं पटकन मिळतात, बहुतेक सगळे बाहेरून आलेले कामगार, कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही. पण तिथं एक गोची आहे, शेजारचा माणूस नाईट शिफ्ट करून सकाळी आठला झोपलेला असतो. तुमचं कुत्रं एकटं राहिलं की दुपारभर रडत असेल तर तो माणूस पंधरा दिवसांत तुम्हाला घालवतो. शेजारी कुठली शिफ्ट करतात हे विचारायला लाजू नका.

लातूरला टायमिंग सांभाळा. मे-जून-जुलैत नीट-जेईईच्या क्लासेससाठी लेकरं आणि त्यांचे आईवडील घरं शोधत असतात, तेव्हा मालकाकडं दहा गिऱ्हाईकं असतात, तो कुत्रेवाल्याला कशाला उभं करेल. जमलं तर हा सीझन टाळा. आणि एक, कुणाला पटो न पटो, पितृपंधरवड्यात लोक घर बदलत नाहीत म्हणून तेव्हा खोल्या रिकाम्या पडून असतात, मालक जरा नरम असतो. तुम्हाला चालत असेल तर त्या पंधरा दिवसांत बोलणी करून घ्या. नांदेडला वजिराबाद, जुना मोंढा गर्दीचा, तरोडा किंवा विष्णुपुरीकडं बघा. परभणीला कृषी विद्यापीठाच्या आजूबाजूला प्राण्यांची सवय असलेली माणसं भेटतात, हा माझा आपला अनुभव.

फोनवर काय बोलायचं

लपवायचं नाही. हे मी नीतीबिती म्हणून सांगत नाही, व्यवहार म्हणून सांगतोय. लपवून घेतलेलं घर महिन्याभरात खाली करावं लागतं, आणि कुत्रं लपत नसतंच, पहिल्याच दिवशी कुरिअरवाला आला की भुंकणार. पण फोन उचलल्या उचलल्या "कुत्रं चालेल का" असंही विचारू नका, त्याचं उत्तर नाहीच येतं. क्रम असा ठेवा: नमस्कार, कुणाकडून नंबर मिळाला, नोकरी कुठं, घरात कोण कोण, किती दिवसांसाठी, आणि मग कुत्रं. साधारण असं:

"नमस्कार काका, बोर्डावरून नंबर घेतला. मी बँकेत आहे, बदली होऊन आलोय, मी आणि बायको दोघंच. तीन वर्ष तरी इथंच आहे. आणि काका एक आधीच सांगतो, आमच्याकडं एक कुत्रं आहे, सहा वर्षांचं, सगळी इंजेक्शनं झालेली, घरात घाण करत नाही. तुम्ही एकदा बघा, पटलं तरच पुढचं बोलू."

"कुत्रं? नाही हो, आमच्यात चालत नाही."

"बरं काका. कामून ते सांगता का? आधी कुणाचा त्रास झाला होता का?"

हा दुसरा प्रश्न महत्त्वाचा. कारण "चालत नाही" म्हणजे काय ते कळल्याशिवाय तुम्ही काय बोलणार. कुणाच्या घरात सोवळं-ओवळं कडक असतं, कुणाच्या नातवाला दमा असतो, कुणाचा आधीचा किरायदार कुत्रं घरात बांधून गावाला निघून गेलेला असतो आणि ते तीन दिवस ओरडत होतं. दमा असेल तर सोडून द्या, तिथं आग्रह करू नये. बाकीच्या गोष्टींवर बोलता येतं. मजा अशी की याच लोकांच्या देव्हाऱ्यात दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाच्या टाकावरही कुत्रं असतं, नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तर श्वान प्रदर्शन भरतं. पण हे बोलून वाद जिंकू नका. वाद जिंकलात तर घर जातं. चहा पिताना सहज विषय निघाला तर निघाला.

आणि निर्णय काकांचा नसतो, काकूंचा असतो. काका "विचारून सांगतो" म्हणाले की समजून घ्या. म्हणून घर बघायला जाताना घरातली बाईमाणसं सोबत असू द्या, एकटं बॅचलर असाल तर आईला किंवा बहिणीला व्हिडिओ कॉलवर का होईना भेटवा. बॅचलर अधिक कुत्रं म्हणजे मालकाच्या दृष्टीनं दुप्पट संकट, त्याला कुणीतरी मोठं माणूस मागं आहे हे दिसलं पाहिजे.

घर बघताना

प्राण्याला पहिल्या भेटीत नेऊ नका. दुसऱ्या भेटीत न्या, फिरवून, दमवून, पट्ट्यात. दमलेलं कुत्रं कोपऱ्यात झोपतं आणि काकू म्हणतात, "शांतय की ओ."

घरात नजर टाकायची ती फरशीवर. जुन्या घरांत शहाबादी फरशी असते, तिच्या सांध्यांत मूत मुरतं आणि वास बसतो. सांधे सिमेंटनं भरलेले आहेत का बघा, नसतील तर पांढरं सिमेंट आणून स्वतः भरा, फार पैसे लागत नाहीत. वास घालवायला व्हिनेगर, लिंबू, अॅसिड काही टाकू नका, शहाबादी चुनखडीचाच दगड आहे, त्यावर डाग पडतो आणि डाग डिपॉझिटमधून कापला जातो. साबणाचं पाणी, नाहीतर पेट शॉपमध्ये मिळणारं एन्झाइमवालं क्लीनर वापरा. मांजर असेल तर फिनाईल घरात आणूच नका, मांजराच्या शरीराला ते पचत नाही, पाय चाटून पोटात जातं आणि विषबाधा होते. मालकीणबाई "फिनाईलनं पुसत जा" म्हणाल्या तर हो म्हणा आणि साबणानं पुसा.

भिंतींना भेगा, बाजूला गोठा, अंगणात म्हैस, असं असेल तर गोचीड विचारात घ्या. कुत्र्याचा तपकिरी गोचीड भिंतीच्या भेगांत, चौकटीच्या मागं जाऊन अंडी घालतो, आणि गोचीड तापानं कुत्रं पार झोपून जातं. सामान यायच्या आधी रिकाम्या घरात फवारणी करून घ्या. फक्त मांजरवाल्यांनी कुठलं औषध ते डॉक्टरांना विचारूनच, कारण परमेथ्रिन असलेली औषधं कुत्र्याला चालतात, मांजराला जीवावर येतात.

मग गेट. खालून किती फट आहे, पिल्लू निसटेल का. कंपाऊंडची उंची. कारवानी (लांब पायांचं शिकारी जातीचं) कुत्रं असेल तर चार फुटी भिंत म्हणजे त्याच्यासाठी भिंतच नाही. दुपारी सावली कुठल्या बाजूला येते. रस्त्यावर भटकी कुत्री किती, त्यांना कोण खाऊ घालतं, त्या खाऊ घालणाऱ्यांशी आधी ओळख करून घ्या, कारण तेच तुमचे या गल्लीतले पहिले मित्र असणार.

करार

इकडं अजूनही बरेच मालक म्हणतात, "कशाला कागद, आपला माणूस आहे." तुम्ही कागद करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५: लिव्ह अँड लायसन्सचा (म्हणजे आपला नेहमीचा अकरा महिन्यांचा किरायाचा) करार लेखी आणि रजिस्टर असलाच पाहिजे, आणि रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे. नाही केला तर त्यालाच शिक्षा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय करार रजिस्टर नसेल तर अटींबाबत किरायदार जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. हे कायद्यातच लिहिलंय. मालकाला धमकी म्हणून नका सांगू, "काका तुमच्याच सेफ्टीसाठी आहे" असं सांगा, आणि ते खरंच आहे.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या ०.२५ टक्के, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही मिळवतात. म्हणजे आठ हजार किराया, अकरा महिने, वीस हजार डिपॉझिट असेल तर दोन-अडीचशे रुपये, राऊंड करून थोडं वर. नोंदणी फी शहरात हजार रुपये, ग्रामीण भागात पाचशे. वर एजंटची फी, ती घासाघीस करून. सगळं ऑनलाईन होतं, अंगठा घ्यायला एजंट घरी मशीन घेऊन येतो.

करारात प्राण्याचा उल्लेख स्पष्ट घाला. तोंडी परवानगी मालकाच्या पोराचं लग्न ठरलं की विसरली जाते. असं काहीतरी लिहून घ्या (लायसन्सी म्हणजे किरायदार, लायसन्सॉर म्हणजे घरमालक):

"लायसन्सीकडे एक पाळीव कुत्रा (नाव, जात, रंग) असून तो सदर घरात ठेवण्यास लायसन्सॉरची संमती आहे. प्राण्यामुळे झालेल्या प्रत्यक्ष नुकसानीचा दुरुस्ती खर्च लायसन्सी देईल. कराराची मुदत संपेपर्यंत केवळ प्राणी ठेवल्याच्या कारणावरून घर रिकामे करण्यास सांगितले जाणार नाही."

"प्रत्यक्ष नुकसान" हे दोन शब्द सोडू नका, नाहीतर सोडताना सगळ्या घराचा रंग तुमच्या नावावर पडतो. मालक फारच कुरकुर करत असेल तर कुत्र्यासाठी वेगळं डिपॉझिट स्वतःहून देऊ करा, किराया वाढवून देऊ नका. डिपॉझिट परत येतं, वाढलेला किराया खाली येत नसतो. राहायला यायच्या दिवशी दरवाजे, चौकटी, फरशी, भिंती यांचा व्हिडिओ काढून मालकाला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. पोलीस ठाण्याला किरायदाराची माहिती द्यायची असते, तीही मालकाला आठवण करून द्या, त्यानं तुमच्यावरचा विश्वास वाढतोच.

फ्लॅटमध्ये असाल तर सोसायटी

मालक हो म्हणाला आणि सोसायटीचा सेक्रेटरी उभा राहिला, हे पण होतं. इथं तुमची बाजू बरी आहे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, त्यात म्हटलंय की सोसायटीला बहुमतानं ठराव करूनसुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. प्रिंट काढून जवळ ठेवा. पण दोन गोष्टी लक्षात घ्या, एक म्हणजे या सूचना सोसायटीसाठी आहेत, घरमालकानं स्वतःच नाही म्हटलं तर त्याच्यावर कुणाची जबरदस्ती नाही, घर त्याचं आहे. आणि दुसरं, तुमचीही जबाबदारी आहे. कुत्र्यापासून कुणाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कुणी "विष घालू तुमच्या कुत्र्याला" म्हणत असेल तर त्याला कलम ३२५ सांगा, प्राण्याला ठार मारणं किंवा अपंग करणं याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण हे शेवटचं हत्यार. सेक्रेटरीला पहिल्याच भेटीत कलमं ऐकवणारा किरायदार पुढच्या मीटिंगचा विषय होतो.

पहिले पंधरा-वीस दिवस

मांजराला किमान दोन-तीन आठवडे बाहेर सोडू नका, ते जुनं घर शोधत निघतं आणि सापडत नाही. कुत्र्याला पहिल्या दिवसापासून ठरलेल्या वेळी फिरवा, उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर, डांबर तापलेलं असतं, हाताचा पंजा रस्त्यावर टेकवून बघा, तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. पिशवी आणि कागद सोबत. इकडं घाण उचलणारा माणूस दिसला की लोक आधी हसतात, मग दुसऱ्याच कुत्रेवाल्याला तुमचं उदाहरण द्यायला लागतात.

तुळशीपासून लांब ठेवा. अंगणातल्या तुळशीवर पाय वर केला की करारातलं एकही कलम कामाला येत नाही. सडा-रांगोळीच्या वेळी पण आत ठेवा. आणि गल्लीतल्या लेकरांशी ओळख करून द्या, नाव सांगा. एकदा का पोरं गेटवर येऊन नावानं हाक मारायला लागली की आयांची तक्रार बंद होते. पट्ट्याला तुमचा नंबर लिहिलेला बिल्ला लावा, दिवाळीत फटाक्यांनी घाबरून कुत्री मैलभर पळतात आणि तेव्हा नवीन एरियातून घर सापडत नाही.

एकटं ठेवायची सवय पण याच दिवसांत लावा. दहा मिनिटं बाहेर जा, या, मग अर्धा तास, मग दोन तास. कोपऱ्यावर उभं राहून ऐका रडतंय का. शेजाऱ्याला सांगून ठेवा की ओरडलं तर मला फोन करा, मालकाला नको.

गावाला जाताना आणि घर सोडताना

लातूर, धाराशिवकडं राहत असाल तर येळवशीला (वेळ अमावस्येला) अख्खं शहर शेतात जातं, गल्लीत माणूस राहत नाही, त्या दिवशी कुत्रं घरात बांधून जाऊ नका, सोबत न्या, कुणीतरी शेतावर बोलावतंच. दिवाळीचं मात्र आधी ठरवा. मोठ्या शहरात डॉक्टरांकडं किंवा कुणाच्या घरी बोर्डिंगची सोय होते, बाकी ठिकाणी ओळखीचा माणूसच लागतो. घरमालकाच्या गळ्यात टाकायचं असेल तर ते त्यांनी स्वतःहून म्हटल्याशिवाय नाही. म्हणतात बरं का. वर्षभरात काकूच शिळी भाकरी दुधात कुस्करून द्यायला लागतात, मग तुम्हाला पोटाच्या तक्रारीवर डॉक्टरकडं जावं लागतं आणि काकूंना सांगायची सोय नसते.

सोडताना एक महिना आधी लेखी सांगा, व्हॉट्सअॅप चालतं. दरवाजाला नखांचे ओरखडे असतील तर मालक यायच्या आधी पॉलिशवाल्याकडून घासून घ्या, तो स्वस्तात करतो, मालकानं केलं तर महागात पडतं. राहायला येताना काढलेला व्हिडिओ उघडून ठेवा, खोलीखोलीतून मालकासोबत फिरा, डिपॉझिटचा हिशोब तिथंच उभ्या उभ्या करा, चावी त्यानंतर. आणि निघता निघता विचारून घ्या, "काका, पुढच्या घरमालकाला तुमचा नंबर दिला तर चालेल ना?"